एकमताने बसवलेला पंप

आत्याची पिकअप होसूर रोडच्या उड्डाणपुलावर चढता चढता पुन्हा बंद पडली, तेव्हा मी तिच्या शेजारच्या सीटवर मांडीवर मोगऱ्याच्या दोन कुंड्या घेऊन बसले होते. मागच्या हौद्यात बोम्मसंद्राच्या एका कारखान्याच्या आवारात लावायची झाडं गच्च भरलेली होती. चढ लागला, आत्यानं गिअर खाली घेतला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि इंजिन हुंदके देत देत गप्प झालं. त्याच क्षणाला मागचे सगळे हॉर्न बोलायला लागले.

एक रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, "अक्का, स्वल्प बाजूला घ्या की." बाजू नव्हतीच. एकीकडे कठडा आणि दुसरीकडे बेंगळुरू. मी खाली उतरले आणि रस्ता कुणाचा असतो, ओझं वाहणाऱ्या गाडीला या शहरात जागा का नाही, यावर त्याला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये बरंच काही ऐकवलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मोगरा विकायचा आहे का. इंजिन थंड होऊन परत सुरू होईपर्यंत माझ्या मांडीवरच्या दोन्ही कुंड्या गेल्या होत्या आणि मागचा एक स्कूटरवाला तुळस घेऊन गेला होता. आत्या म्हणाली, "बघ, दुकान चांगलं चाललंय. गाडी तेवढी चालत नाही."

ती हसली खरी, पण पूल उतरेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. कारण मला माहीत होतं.

आत्या निपाणीच्या शाळेत गणित शिकवायची. काका गेले, ती निवृत्त झाली आणि आमच्याजवळ बेंगळुरूला आली. आल्यावर तिनं आनेकलच्या बाजूला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेऊन रोपवाटिका काढली, आणि आयुष्यात कधी सायकलच्या पुढं न गेलेली ही बाई जुनी डिझेल पिकअप घेऊन ती चालवायला शिकली. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, कोरमंगलाच्या एका ऑफिसात मोठ्या पदावर आहे आणि इंदिरानगरला राहतो. मी त्याला दादा म्हणते. दादाला आईची फार काळजी. रस्त्यात एकटी अडकली, रात्र झाली, कुणी मागून ठोकलं तर काय, असं त्याचं सारखं चालू असायचं. आधीच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा त्यानं आत्याकडून शब्द घेतला होता: आणखी एकदा रस्त्यात थांबली, तर विकायची. त्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. गाडी गेली की रोपवाटिकाही गेली, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं. मग आत्याला त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्यांना पाणी घालत बसावं लागलं असतं.

आत्यानं शब्द दिला होता आणि शब्द फिरवणाऱ्यांपैकी ती नव्हती. संध्याकाळी तिनं स्वतःच फोन करून दादाला सांगितलं की गाडी थांबली.

फोन तिच्या हातातून माझ्या बाबांनी घेतला. बाबा आयुष्यभर विमानाची इंजिनं जोडणाऱ्या सरकारी कारखान्यात होते, आणि जितकी वर्षं कारखान्यात तितकीच युनियनमध्ये. ते दादाला म्हणाले, "नोटीस दिल्याशिवाय कामगाराला काढता येत नाही. गाडीला काढणार असशील तर आधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल." दादाला हसू आलं. बाबांनी हसण्याचा फायदा उठवला. ठरलं ते असं: आम्हाला रविवारपर्यंत मुदत. रविवारी दादा स्वतः येणार, गाडी पूर्ण भरायची, तो आत्याच्या शेजारी बसणार आणि त्याच उड्डाणपुलावर जायचं. गाडी न थांबता वर गेली तर विकण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. थांबली तर त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक येईल.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं दुखणं आधीच सांगितलेलं होतं. इंजिनचा स्वतःचा पंप म्हातारा झाला होता. मागच्या टाकीतलं डिझेल त्याला पुढं ओढून घ्यावं लागायचं. चढावर भार वाढला की त्याची ओढ पुरत नव्हती आणि नळीत हवा शिरायची. उपाय होता. बाजारात विजेवर चालणारा वेगळा पंप मिळतो. तो टाकीजवळ बसवला की डिझेल मागून ढकलतो आणि इंजिनला ओढावं लागत नाही. सोबत हवा आणि पाणी वेगळं काढणारा फिल्टरही येतो. पण गॅरेजवाला लग्नासाठी गावी निघाला होता. बाबा म्हणाले, आपण बसवू.

मी आधी माझी शंका मांडली. इंजिनात काहीबाही बदलून काळा धूर सोडत जाणाऱ्या गाड्यांविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं होतं आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभं राहून वाटलंही होतं. हे त्यातलंच निघालं तर मी पान्याला हात लावणार नव्हते. बाबांनी समजावलं की डिझेल जास्त जाणार नाही, जेवढं लागतं तेवढंच नीट जाईल. मी म्हटलं, खरं तर विजेवरची गाडीच घ्यायला हवी. आत्या म्हणाली, "आण की. मी चालवते." तो विषय तिथंच संपला.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबांच्या सभांची पत्रकं पलंगावर वाळत घातलेली असायची, कन्नड एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला, आणि मला झोपायला जागा हवी असेल तर ती वाचून, नीट रचून ठेवावी लागत. घरातला प्रत्येक निर्णय सभेत व्हायचा. अध्यक्ष, मसुदा, दुरुस्त्या, मतदान. पडद्यांचा रंगसुद्धा दुरुस्त्यांसह मंजूर झालेला आहे. आई फार पूर्वीच या सगळ्यातून बाहेर पडली. "मी मत देत नाही, मी वाढते," असं ती म्हणते. आत्या आल्यापासून मात्र सभेला गणितवाला सदस्य मिळाला होता.

पंपाचं खोकं आलं. आत पंप, फिल्टर, नळ्या, क्लॅम्प, वायरी, डिझेलचा दाब दाखवणारा एक छोटा काट्याचा मीटर आणि बसवायचं कसं ते सांगणारं घडीचं पत्रक. दुसऱ्या घरात लोकांनी ते वाचलं असतं आणि तसं केलं असतं. आमच्या घरात आजवर कुठलंही पत्रक दुरुस्तीशिवाय स्वीकारलेलं नव्हतं. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर उलगडलं, आत्याला अध्यक्ष केलं आणि लाल पेन घेऊन बसलो.

पत्रकाचं म्हणणं सरळ होतं. पंप टाकीच्या जवळ, खाली बसवा. पंपाच्या आधी फक्त जाळी. बारीक फिल्टर पंपाच्या नंतर.

बाबांची दुरुस्ती: बारीक फिल्टर पंपाच्या आधी हवा. विमानाच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं एकच गोष्ट पाळली होती, की कचरा यंत्रात शिरण्याआधी अडवायचा. नवाकोरा पंप घाणेरडं डिझेल पिणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

आत्याची दुरुस्ती: पंप खाली नको. आनेकलच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिला पाठ होते, एकेक गतिरोधक गाडीच्या पोटाला घासून जायचा. पंप वर, केबिनच्या मागं, हौद्याच्या कडेला लावायचा.

माझी दुरुस्ती: जुन्या नळीवरचा फिल्टर अजून चांगला होता, तो काढून टाकायचा नाही. चालणारी वस्तू फेकायला लावणं हीच बाजाराची युक्ती असते, हे मी उभं राहून सांगितलं. तोही राहू दे, पंपाच्या आधी, जिथं आहे तिथं.

कुणाचीच दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीच्या आड येत नव्हती, म्हणून तिन्ही एकमताने मंजूर झाल्या. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "झाला का पंप बसवून?"

शनिवारी सकाळी घरासमोरच्या गुलमोहराखाली काम सुरू झालं. एवढा आनंदाचा दिवस मी फार दिवसांनी पाहिला. बाबांनी पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवली आणि ती कुणी चुकून लावू नये म्हणून तिला पांढरी चिंधी बांधली. टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं. मी पाठीवर पडून गाडीखाली सरकले, आणि पहिलीच नळी सुटली तेव्हा डिझेलची धार माझ्या कानात गेली. आत्या पदर खोचून, शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन नळ्या मोजत होती आणि कापण्याआधी प्रत्येक माप दोनदा मोठ्यानं म्हणत होती, जणू समोर वर्ग बसलाय. शेजारचे अण्णा बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन पेले, घेऊन आले, एक पेला बाबांना दिला आणि दुसरा स्वतः पीत कठड्यावर बसून राहिले. मध्येच ते कन्नडमध्ये विचारायचे की विमान कधी उडणार.

मी गाडीखालून सुट्या भागांच्या बाजारावर बोलत होते. एकच नळी चार कंपन्यांच्या पिशव्यांत घालून चार नावांनी कशी विकतात, वगैरे. बाबा वरून म्हणाले, "आधी बोल्ट आवळ. भाषण नंतर, तोंडात माती जाईल."

माती गेलीच होती.

दुपारी सगळं जोडून झालं. पंप वर, केबिनच्या मागं, बाबांच्या हातच्या पट्टीवर दिमाखात बसला होता. आत्यानं पंपाला वीज देणाऱ्या रिलेच्या वायरी इतक्या नीट गुंडाळल्या होत्या की दाखवण्यासाठी झाकण उघडं ठेवावंसं वाटत होतं. तिनं किल्ली अर्धी फिरवली आणि पंप गुणगुणायला लागला. मग इंजिन सुरू झालं. जागच्या जागी ते इतकं गोड चाललं की अण्णांनी कठड्यावरून उतरून टाळी दिली. आईनं गुळाचा खडा आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला.

मग आम्ही हौद्यात मातीची पोती टाकली आणि कॉलनीच्या टोकाला, रेल्वे पुलाकडे चढणाऱ्या रस्त्यावर गाडी नेली. अर्ध्या चढावर ती बंद पडली. आधी निदान हुंदके द्यायची. आता तेही नाही, कुणी गळा दाबल्यासारखी चट्‌दिशी गप्प.

परत आल्यावर गुलमोहराखाली जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. मी म्हटलं, बाबांचा बारीक फिल्टर पंपाच्या आधी टाकल्यामुळं झालं. बाबा म्हणाले, फिल्टरमुळं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही, तुझ्या जुन्या डब्यात कचरा असेल. मी म्हटलं, बाबा आधी मागं हटले तर मी माझ्या दुरुस्तीचा विचार करीन. बाबा म्हणाले, दबावाखाली ते वाटाघाटी करत नाहीत.  आत्या आपल्या पिकअपच्या दाराला टेकून उभी होती आणि हातातल्या फडक्यानं स्टिअरिंग पुसत होती, जे पुसायची काही गरज नव्हती. तिच्याकडे पाहिलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा येणार होता.

बाबांनी चष्मा खिशात टाकला आणि गाडीखाली गेले. मला म्हणाले, इंजिन सुरू कर आणि मी सांगेन तेव्हा रेस दे. मी दिली. खालून काहीच उत्तर आलं नाही. मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर बाबांचे पाय हलत होते. मला वाटलं त्यांना काही झालं. मी ओरडणार एवढ्यात कळलं, ते हसत होते. हसून हसून त्यांची पावलं जमिनीवर आपटत होती.

"या," ते म्हणाले. "एकेक करून या. आपला ठराव बघा."

आत्या गेली, ती हसत बाहेर आली. मग बाबांनी रेस दिली आणि मी खाली गेले. टाकीतून निघून दोन फिल्टरांकडे जाणारी नळी, चांगली जाड, नवी नळी, रेस वाढली तशी पोटात जाऊन चपटी झाली. चोखून संपवलेल्या आंब्याच्या सालीसारखी. रेस कमी केली की ती पुन्हा फुगायची.

बाबा इंजिनवाले, त्यामुळं पुढचं त्यांनीच मांडलं. असा पंप ढकलायला भीम असतो, पण ओढायला अगदी लेचापेचा. म्हणूनच तो खाली बसवायचा, डिझेल आपोआप त्याच्याकडे यावं. आम्ही त्याला उचलून माडीवर बसवलं आणि वर त्याच्या तोंडाशी एक सोडून दोन गाळण्या बांधल्या. तिघांच्या तिन्ही मागण्या आम्ही एकाच नळीवर मंजूर करून घेतल्या होत्या.

"मी माझी दुरुस्ती मागं घेते," आत्या म्हणाली. "आणि तुमच्या दोघांच्याही मीच मागं घेते."

मी लगेच हरकत घेतली. अध्यक्षाला दुसऱ्या सदस्याची दुरुस्ती मागं घेता येत नाही. मतदान हवं.

"तुझी लोकशाही माणसांसाठी राहू दे की गं," आत्या म्हणाली. "डिझेलला मतदानाचा हक्क कुणी दिला? त्याला खाली वाहायचं एवढंच येतं. पाना आण."

बाबांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. चाळीस वर्षांच्या युनियनमध्ये मी त्यांना इतक्या आनंदानं हरताना पाहिलं नव्हतं. मी पाना आणला. आजही माझं मत असं आहे की निर्णय सगळ्यांनी बसून करावा. फक्त ज्याच्याबद्दल निर्णय आहे त्याला बोलता येत नसेल, तर कुणीतरी त्याच्याखाली जाऊन आडवं पडावं आणि आधी बघून यावं, एवढी एक दुरुस्ती मी त्या मताला जोडली आहे.

अंधार पडायच्या आत आम्ही पंप खाली आणला, टाकीला लागून, पत्रकात होता तसा. पंपाच्या आधी फक्त जाळी, बारीक फिल्टर पंपाच्या नंतर. आत्याच्या गतिरोधकांसाठी बाबांनी जुन्या कपाटाचा पत्रा वाकवून पंपाखाली चिलखत केलं. माझा जुना फिल्टर निघाला. तो मी अजून टाकलेला नाही, माझ्या खिडकीत आहे. तत्त्व म्हणून. मग फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल केला, आत्यानं किल्ली फिरवली, आणि नळीतली हवा बाहेर पडायला लागली. आधी फसफस, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांमधून डिझेल, आणि शेवटी अखंड, स्वच्छ धार. बाबांनी स्क्रू आवळला. त्या रात्री माझ्या केसांना डिझेलचा वास येत होता आणि मला शांत झोप लागली.

रविवारी दादा पांढरा शर्ट घालून आला. हौद्यात त्या कारखान्याची उरलेली झाडं खच्चून भरली होती, वर पाम, खाली जास्वंद आणि क्रोटन, आणि झाडं कमी भरली असं कुणी म्हणू नये म्हणून आत्यानं त्यांच्यामध्ये खताची पोतीही टाकली होती. पुढं आत्या, मध्ये मी, खिडकीशी दादा. बाबा स्कूटरवर मागून येणार होते. काळा धूर निघतो का बघायचं काम मी त्यांना लावलं होतं. दादानं बसल्या बसल्या डॅशबोर्डवरचा नवा मीटर पाहिला आणि विचारलं, काटा कुठं असायला हवा. मी दाखवलं. मग पूर्ण रस्ताभर त्यानं बाहेर पाहिलंच नाही.

उड्डाणपूल आला. आत्यानं गिअर खाली घेतला. गाडी चढायला लागली, हळू, जड, पण एकाच आवाजात. काटा जागचा हलला नाही. अर्धा चढ झाला आणि मी श्वास सोडणार तोच पुढची टॅक्सी अचानक थांबली. आत्याला ब्रेक दाबावा लागला. आम्ही भर चढावर, भरल्या गाडीनिशी उभे. थांबलेली गाडी चढावर पुन्हा उचलणं चढण्यापेक्षा कठीण असतं, हे दादालाही माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "आई, राहू दे. हे थांबणं आपण धरायचं नाही."

"गप बस," आत्या म्हणाली.

टॅक्सी सरकली. आत्यानं क्लच हळूहळू सोडला. पिकअपचं नाक किंचित वर आलं, मागच्या पामची झावळी काचेवर आपटली, आणि गाडी निघाली. दादाचा बूट खालच्या पत्र्यावर दाबलेला मला दिसत होता, जणू तोच ॲक्सिलरेटर देत होता. वर पोहोचल्यावर त्यानं पाय उचलला, आणि मग मी बघते आहे हे पाहून खिडकीबाहेर बघायला लागला. उजवीकडून बाबा स्कूटरवरून पुढं गेले. एक हात सोडून त्यांनी तो आडवा हलवला. धूर नाही.

थोड्या वेळानं दादा म्हणाला, "आता वळायचं ना? टेस्ट झाली."

"वळायचं कशाला?" आत्या म्हणाली. "झाडं काय मी तुला दाखवायला भरलीत? बोम्मसंद्राला उतरवायची आहेत."

कारखान्याच्या फाटकाशी झाडं उतरवून घ्यायला कुणीच नव्हतं, रविवार होता. वॉचमननं फाटक उघडलं आणि तो खुर्चीत जाऊन बसला. मग आम्ही चौघं लागलो. दादाच्या पांढऱ्या शर्टाला पहिल्याच कुंडीनं माती लावली. त्यानं बाह्या वर केल्या. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. पामची मोठी कुंडी उचलताना त्यानं तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. गिऱ्हाईकच होतं, संध्याकाळी किती वाजता येऊ असं विचारत होतं. आत्यानं मान वळवली नाही, पण तिच्या हातातला क्रोटन हवेतच थांबला.

दादा हिंदीत म्हणाला की गाडी विकायची नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं, कोई खराबी नहीं निकली," दादा म्हणाला. "खराबी नहीं है, इसीलिए तो."

"कुंडीला गळ्याशी धरू नकोस," आत्या क्रोटन खाली ठेवत म्हणाली. "बुडाखाली हात घाल."

फोन तसाच मानेत धरून दादा वाकला आणि त्यानं कुंडीच्या बुडाखाली हात घातला.